एका पैची चूक आणि नाथांचा दिवस



आजच्या वाचनात गीतेचा सहावा अध्याय आहे. ध्यान कसं करावं हे सांगता सांगता भगवान मध्येच अगदी घरगुती गोष्टींवर येतात. खाणं मापात, फिरणं मापात, झोपणं-जागणं मापात, काम मापात. ज्याला हे जमलं त्याचा योग त्याचं दुःख घालवतो, असं ते अर्जुनाला समजावतात. पहिल्यांदा वाचताना जरा गंमतच वाटते. समाधीचा विषय चालू असताना जेवणाची वेळ कुठून आली?

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात संतांचं एक ठरलेलं चित्र असतं. देहभान हरपलेला, संसार विसरलेला, कशाचीच फिकीर नसलेला माणूस. त्यामुळे वेळापत्रक, हिशेब, आवराआवर हे सगळं भक्तीच्या बाहेरचं वाटतं. आणि दुसरीकडे एक भीतीही असते. सगळं घड्याळाला बांधून घेतलं तर आपण कोरडे होऊन जाऊ, माणूस कमी आणि यंत्र जास्त. या दोन्ही शंका खऱ्या आहेत. म्हणून आज श्लोकाचा अर्थ शब्दांत न उलगडता एका आयुष्यात बघूया. पैठणच्या एकनाथ महाराजांच्या.

आजोबांनी लावलेली घडी

नाथांचा जन्म सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोदाकाठच्या पैठणला झाला. सातवाहनांची ही जुनी राजधानी, शास्त्री-पंडितांचं गाव. नाथांचे पणजोबा म्हणजे संत भानुदास. विजयनगरला गेलेली पांडुरंगाची मूर्ती पंढरपूरला परत आणली ती भानुदासांनी, असं वारकरी परंपरा मानते. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी. पण हे दोघंही नाथ अगदी लहान असतानाच गेले. मग आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी नातवाला वाढवलं.

घरातली कर्ती माणसं अशी अचानक गेली की घराची घडी विस्कटते. तरुण मुलगा आणि सून गमावलेल्या त्या म्हाताऱ्या जोडप्याने ती पुन्हा घातली. नातवाची मुंज केली, संध्या-पूजा-पाठांतर लावून दिलं, शिक्षणाची सोय केली. म्हणजे नाथांना शिस्त पहिल्यांदा भेटली ती कुणाच्या धाकातून नव्हे, आजी-आजोबांच्या मायेतून. पुढे आयुष्यभर त्यांच्या शिस्तीला तोच वास राहिला.

मुलगा हुशार होता आणि त्याला गुरूची ओढ लागली होती. परंपरा सांगते की बाराव्या वर्षाच्या सुमारास, देवगिरीला जनार्दनस्वामींकडे जा असा संकेत त्याला मिळाला आणि तो कुणाला न सांगता घरातून निघाला.

किल्ल्यावरचे गुरू

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे. निजामशाहीत देवगिरीचे, म्हणजे दौलताबादचे किल्लेदार. आणि थोर दत्तभक्त. आश्रम नाही, मठ नाही. गुरूचं घर चक्क लष्करी किल्ल्यावर!

किल्ल्याचा कारभार म्हणजे काय याची जरा कल्पना करा. धान्याची कोठारं, दारूगोळा, पाण्याची टाकी, पहारे, दरवाजांच्या वेळा, शिपायांचे पगार, परगण्याचा वसूल. इथे कुणी हलगर्जीपणा केला तर शेकडो जीव धोक्यात येतात. स्वामी हा सगळा व्याप सांभाळून साधना करत. त्यांच्या मानापोटी गुरुवारी किल्ल्याचं कामकाज बंद असे, अशीही आठवण सांगतात.

नाथ तिथे राहिले आणि त्यांनी काय केलं? पाणी भरलं, अंगण झाडलं, पूजेची फुलं आणली, गंध उगाळलं, स्वामींच्या वस्तू जागच्या जागी ठेवल्या. पुढे स्वामींनी हिशेबाचं कामही त्यांच्याकडे सोपवलं. आणि इथेच ती प्रसिद्ध गोष्ट घडते.

एकदा हिशेबात एका पैचा मेळ बसेना. एक पै म्हणजे किती, तर असून नसल्यासारखी. दुसऱ्या कुणी सहज पुढच्या पानावर ढकलली असती, कुणाला कळलंही नसतं. नाथ मात्र रात्री दिवा लावून वह्या घेऊन बसले. एक एक नोंद परत तपासली. सगळा किल्ला झोपलेला. उत्तररात्री कधीतरी ती चूक सापडली आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. मागे जनार्दनस्वामी उभे होते. शिष्य इतका कशाने खूश झाला ते त्यांनी विचारलं. कारण ऐकल्यावर ते हसले आणि म्हणाले की एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग आपलं अख्खं आयुष्य ज्या चुकीवर चाललं आहे ती सापडली तर केवढा होईल? हेच लक्ष आता तिकडे लाव.

इथे जरा थांबूया. स्वामींनी शिष्याची आकडेमोड बघितली नाही, त्याचं लक्ष बघितलं. कुणी बघत नसताना, कुणी विचारणार नसताना, एका क्षुल्लक गोष्टीवर रात्रभर टिकलेलं लक्ष. ध्यानाला लागतं ते भांडवल हेच. दिवसभर चालतंय, बघू नंतर, असं म्हणत फिरणारं मन संध्याकाळी आसनावर बसलं म्हणून एकाग्र होत नाही. ज्या मनाला वही नीट ठेवायची सवय आहे, त्याच मनाला जप नीट करता येतो. गीतेत ध्यानाच्या मध्येच जेवण-झोप का आली, त्याचं एक उत्तर या पैमध्ये आहे.

किल्ल्यावरची आणखी एक गोष्ट सांगतात. स्वामी समाधीत असताना शत्रू चालून आला. नाथांनी गुरूंना हाक मारली नाही. त्यांचं चिलखत अंगावर चढवलं, घोड्यावर बसले, लढले आणि परत आले. मग शस्त्रं होती तिथे ठेवली आणि रोजच्या सेवेला लागले. मोठा पराक्रम केल्यावर वस्तू जागेवर ठेवायची आठवण राहणं, हे मला त्या लढाईइतकंच मोठं वाटतं.

पत्र वाचलं तिथेच घर

पुढे गुरूंच्या सांगण्यावरून नाथांनी जवळच्या शूलिभंजन डोंगरावर अनुष्ठान केलं, मग तीर्थयात्रा केली. इकडे पैठणला आजी-आजोबा नातवाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले. आजोबांनी देवगिरीला जाऊन जनार्दनस्वामींकडून एक पत्र आणलं होतं. नाथ यात्रेहून पैठणला आले, आजोबांची गाठ पडली आणि त्यांनी ते पत्र पुढे केलं. त्यात गुरूंची आज्ञा होती की आता इथेच राहावं आणि गृहस्थाश्रम घ्यावा. नाथ ज्या जागी पत्र वाचत उभे होते तिथेच थांबले आणि त्याच जागी पुढे त्यांचं घर झालं, अशी आठवण परंपरेने जपली आहे.

डोंगरावर एकांतात राहिलेल्या या माणसाला गुरूने पाठवलं कुठे, तर संसारात. लग्न झालं गिरिजाबाईंशी. मुलगा हरिपंडित आणि मुली झाल्या. एका मुलीचा मुलगा म्हणजे महाभारत मराठीत आणणारा कवी मुक्तेश्वर.

नाथांचा दिवस

चरित्रकारांनी नाथांच्या दिनक्रमाचं वर्णन केलं आहे. पहाटेच्या आधी उठणं आणि ध्यान. मग गोदावरीवर स्नान, संध्या, घरी येऊन देवपूजा, गीता-भागवताचा पाठ. दुपारी पंगत, दारी आलेला अतिथी जेवल्याशिवाय जायचा नाही. दुपारनंतर पुराण. संध्याकाळी पुन्हा संध्या आणि रात्री कीर्तन. यात्रा-उत्सव सोडले तर वर्षानुवर्षं हेच.

वाचायला साधं आहे. करून बघा! आणि या चौकटीत बसून या गृहस्थाने जे लिहिलं ते बघा. चतुःश्लोकी भागवत, रुक्मिणीस्वयंवर, भागवताच्या अकराव्या स्कंधावरचं ३१ अध्यायांचं एकनाथी भागवत, भावार्थ रामायण, शेकडो अभंग आणि भारुडं. एकट्या एकनाथी भागवताच्या ओव्या अठरा हजारांच्या वर आहेत. त्यातले पहिले पाच अध्याय पैठणला झाले आणि उरलेले काशीत. शके १४९५ च्या, म्हणजे १५७३ च्या कार्तिक पौर्णिमेला ग्रंथ पूर्ण झाला. हे सगळं एखाद्या प्रेरणेच्या झटक्यात होत नाही. रोज थोडं, रोज त्याच वेळी, असं होतं.

आणि एक गोष्ट विसरायची नाही. घराची घडी एकट्याने राहत नाही. रोज किती पानं वाढायची हे आधी ठाऊक नसलेलं ते स्वयंपाकघर गिरिजाबाईंनी चालवलं. व्यवस्था बघायला उद्धव होता. बारा वर्षं कावडीने पाणी भरणारा श्रीखंड्या होता. तो प्रत्यक्ष श्रीकृष्ण होता असं भाविक मानतात. पैठणला नाथांच्या वाड्यातला रांजण आजही नाथषष्ठीच्या उत्सवात पाण्याने भरतात. पाणी भरणाऱ्याला या घरात देव मानलं गेलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या घरची शिस्त कुणाच्या पाठीवर उभी आहे, हे आपणही अधूनमधून बघायला हवं. आई सगळं जागेवर ठेवते म्हणून आपल्याला सापडतं, ही आपली शिस्त नव्हे.

दिवस कशाने मोडतो?

आता दुसऱ्या शंकेकडे येऊ. इतकं सगळं ठरलेलं असलं की माणूस कडक होत नाही का?

नाथ गोदावरीवरून स्नान करून परतताना एक माणूस रोज त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ काही न बोलता परत जाऊन स्नान करायचे. एके दिवशी तर असं १०८ वेळा झालं म्हणतात. शेवटी तो माणूसच शरमला आणि पाया पडला. नाथांनी उलट त्याचे आभार मानले, की तुझ्यामुळे आज गंगेत इतकी स्नानं घडली. त्या दिवशी पूजेला उशीर झालाच असणार. पण उशीर झाला म्हणून राग आला नाही. दिवसाचा ताबा त्यांनी त्या माणसाच्या हातात दिला नाही.

याच्या शेजारी दुसऱ्या गोष्टी ठेवा. घरी श्राद्ध होतं. श्राद्धाचा स्वयंपाक म्हणजे नियमांचा कळस. ब्राह्मण जेवल्याशिवाय कुणाला घास मिळत नाही. त्या अन्नाचा वास घेत दारावरून एक गरीब कुटुंब चाललं होतं, ज्यांना तेव्हाचा समाज अस्पृश्य म्हणायचा. पोरं भुकेली होती. नाथ आणि गिरिजाबाईंनी त्यांना बोलावून पोटभर वाढलं, मग घर सारवून ब्राह्मणांसाठी दुसरा स्वयंपाक केला. ब्राह्मण रागावून निघून गेले. तेव्हा पितरच येऊन जेवले, असं कथा सांगते.

काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघालेले असताना वाटेत एक गाढव तहानेने तडफडताना दिसलं. इतक्या दुरून, इतके सोवळे पाळून आणलेलं ते पाणी नाथांनी त्याच्या तोंडात ओतलं. आणि भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एका अस्पृश्य आईचं चुकलेलं लेकरू रडत होतं, तर ते कडेवर घेऊन तिच्या घरी पोचवलं. सोळाव्या शतकातल्या पैठणात, एका ब्राह्मण पुराणिकाने. याची किंमत काय असेल ते ओळखा. गावाने वाळीत टाकलं तर पुराण बंद, कीर्तन बंद, मुलांची लग्नं बंद.

या गोष्टी एकत्र वाचल्या की एक सूत्र हाती लागतं. नाथांचा दिवस अपमानाने मोडला नाही, रागाने मोडला नाही. तो मोडला भुकेने, तहानेने, लेकराच्या रडण्याने. आणि तेही नाथांनी स्वतः, आनंदाने मोडला. ज्याच्या दिवसाला घडीच नाही, त्याला अशा वेळी थांबताही येत नाही, कारण तो आधीच कशाच्या तरी मागे धावत असतो. शिस्तीने नाथांना मोकळा हात दिला होता. हाक आली की तो हात पुढे व्हायचा.

ज्ञानोबांचं घर आवरलं

नाथांचं आणखी एक मोठं काम म्हणजे ज्ञानेश्वरीचं शुद्धीकरण. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. नाथांपर्यंत जवळजवळ ३०० वर्षं उलटली होती. छापखाने नव्हते. हाताने नक्कल करताना कुणाचा शब्द चुकला, कुणी अवघड शब्द बदलला, कुणी स्वतःच्या ओव्या घुसवल्या. मूळ कुठलं आणि भर कुठली, कळेनासं झालं.

परंपरा सांगते की ज्ञानेश्वर माउली स्वप्नात आले आणि अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागते आहे, येऊन काढ, असं म्हणाले. नाथ आळंदीला गेले, समाधीचं दर्शन घेतलं, मुळी दूर केली. मग हे काम हाती घेतलं. निरनिराळ्या पोथ्या ताडून, एक एक ओवी तपासून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली शुद्ध प्रत तयार केली. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती याच कामाची आठवण. आणि शेवटी त्यांनी पुढच्यांना बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घालू नये.

देवगिरीवर पै शोधणारा मुलगाच इथे दिसतो ना? फक्त वही बदलली. आणि बघा, हजारो ओव्या सहज लिहिणारा हा कवी दुसऱ्याच्या ग्रंथात शिरला तो स्वतःचं काही ठेवायला नाही. जे जिथलं होतं ते तिथे ठेवून बाहेर आला. आवरणं ही सेवा असते ती अशी.

बाप आणि लेक

घरात मात्र एक पेच होता. मुलगा हरिपंडित मोठा शास्त्री झाला. वडिलांनी संस्कृत सोडून प्राकृतात पुराण सांगावं, कुणाकडेही जेवावं, हे त्याला पटेना. तो रागावून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले, तेव्हा त्याने अट घातली: प्राकृत पुराण सांगायचं नाही आणि बाहेरचं अन्न घ्यायचं नाही. नाथांनी ती मान्य केली. पैठणला हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागला आणि श्रोते हळूहळू कमी होत गेले.

मग एक गरीब म्हातारी आली. तिने कधीकाळी हजार ब्राह्मण जेवू घालायचा संकल्प केला होता, पण दिवस पालटले. एका नाथांना जेवू घातलं तर हजारांचं पुण्य, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. नाथांना नाही म्हणवेना. मुलाचाही मान राहावा म्हणून तिच्या घरी स्वयंपाक हरिपंडितानेच करायचा असं ठरलं. जेवण झाल्यावर हरिपंडित पत्रावळ उचलायला गेला, तर तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. अशा हजार निघाल्या म्हणतात. मुलगा समजला. प्राकृत पुराण पुन्हा सुरू झालं.

हरिपंडितही नियमाचाच माणूस होता. पण त्याच्या नियमाने माणसं बाहेर राहत होती, वडिलांच्या नियमात ती आत येत होती. आपली शिस्त तपासायला ही खूण पुरेशी आहे.

अर्धवट राहिलेलं काम

शेवटच्या काळात नाथ भावार्थ रामायण लिहीत होते. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि निरोपाची वेळ आली. पुढचं काम त्यांनी सोपवलं गावबाकडे. हा मुलगा पुरणपोळीच्या लोभाने नाथांकडे राहिला होता आणि सगळे त्याला मंदबुद्धी समजायचे. एकनाथ या नावाशिवाय दुसरा मंत्र त्याच्या तोंडात बसेना. पण वर्षानुवर्षं त्या घराच्या लयीत तो राहिला होता. त्याने रामायण पूर्ण केलं.

शके १५२१ ची फाल्गुन वद्य षष्ठी. जनार्दनस्वामींच्या देहत्यागाचीही तिथी हीच. गोदावरीच्या वाळवंटात कीर्तन झालं, आणि नाथांनी नदीत देह ठेवला. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण झालं तेव्हा त्या अथांग पाण्याला नाव मिळालं नाथसागर.

आजचा नियम

आपलं आयुष्य वेगळं आहे हे मान्य. कुणाची रात्रपाळी, कुणाचा लोकलचा दीड तास, कुणाची तीन जणांत एक खोली. नाथांचा अख्खा दिवस उचलून आपल्या दिवसावर ठेवता येणार नाही आणि तशी गरजही नाही. आज फक्त एक पै शोधूया. रोज पुढे ढकलली जाणारी, कुणालाच न दिसणारी एक छोटी गोष्ट. न लिहिलेला खर्च असेल, खुर्चीवर साठलेले कपडे असतील, मित्राचे परत द्यायचे शंभर रुपये असतील. ती आज पूर्ण करायची, आणि करताना नाम घ्यायचं.

आणि रात्री झोपायच्या आधी, मोबाईल बाजूला ठेवून स्वतःला विचारायचं: आज माझा दिवस कशाने मोडला? रागाने, आळसाने, नुसत्या स्क्रोलिंगने मोडला असेल तर उद्या पुन्हा घडी घालायची. पण कुणाच्या भुकेने, कुणाच्या रडण्याने मोडला असेल, तर निवांत झोपायचं. तो दिवस नाथांच्या वहीत बरोबर जमा झाला.

राम कृष्ण हरी!